हिरव्या ड्रेसची घडी

ऐक ना. नुसतं ऐक, मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर धागा सुटेल.

रविवारची संध्याकाळ. बोईसरच्या खैरापाड्यातली चाळ, आणि खंडेरावांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पलंगावर बायका, खाली पोरं, दारात शेजारची हेतलभाभी झारा हातात तसाच घेऊन उभी. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. टीव्हीत दोन विद्यापीठांच्या टीम समोरासमोर, प्रत्येकी तीन पोरं, पुढ्यात बझर. आणि मधल्या खुर्चीत कोण? स्वरा! खंडेरावांची स्वरा. निळा ड्रेस, वेणी पुढे घेतलेली.

"बगा, एवडी कॉलेजात गेली तरी वेनी चावायची खोड काय सुटली नाय," सोजराबाई म्हणाल्या. तिची आई. अख्खी खोली हसली.

आणि स्वराला जाऊन दोन महिने होत आले होते.

हो रे, गेली होती ती. पाऊस सुरू झाला, डेंग्यू झाला, सगळे म्हणाले होईल बरी, आणि नाही झाली. शूटिंग मात्र मे महिन्यातच मुंबईला उरकलं होतं. दाखवत होते आत्ता, दर रविवारी एक सामना.

आता शूटिंगची गंमत ऐक. हे लोक एका दिवसात दोन-दोन सामने उरकतात. पण बघणाऱ्याला वेगळा रविवार वाटायला हवा ना, म्हणून पोरांना सांगतात, प्रत्येक सामन्याला वेगळा ड्रेस आणा. स्वराने चार नेले होते. पिवळा, गुलाबी, निळा, आणि फायनलसाठी हिरवा. नवाकोरा.

घड्या घातल्या कोणी? खंडेरावांनी. तारापूरच्या एमआयडीसीत ते बॉयलरवर. वाफेच्या पाइपवर पत्र्याचं आवरण असतं ना, ते मस्त गरम असतं. पावसाळ्यात अर्ध्या शिफ्टच्या पोराबाळांचे युनिफॉर्म तिथेच वाळतात. पण खंडेराव त्याच्याही पुढचे. कपडा जरा ओलसर असतानाच पत्र्यावर ताणायचे, तळव्याने दाबत जायचे, आणि अशी कडक घडी घालायचे की इस्त्रीवाल्याने लाजावं. त्यांच्या जोडीचा मिथुन चिडवायचा, "चाचा, ये बॉयलर है कि लाँड्री?"

"पोरगी टीव्हीत जानार हाय," खंडेराव म्हणायचे. "चुरगळलेली दिसली तर तुजं नाव सांगीन."

मुंबईहून परत आली तेव्हा स्वराने दारातच बजावलं, "बाबा, निकाल विचारायचा नाही हां. सही करून दिलीय आम्ही. टीव्हीवरच बघायचं."

"आईला बी नाय?" सोजराबाईंनी विचारलं.

"तुला तर अजिबात नाही. तू नळावर सांगशील!"

ती गेली. दिवस-कार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तेव्हा कुठे खंडेरावांनी तिची मुंबईची बॅग उघडली. वर पिवळा, गुलाबी, निळा, सगळे कोंबलेले. आणि तळाशी हिरवा. त्यांनी घातलेली घडी जशीच्या तशी. पोरीने मोडलीच नव्हती.

खंडेरावांना काय ते कळलं. पोरं फायनलला पोचली नव्हती. त्यांनी तो ड्रेस कपाटावर, गोधडीच्या मागे सारला आणि कोणाला काही बोलले नाहीत.

बोलणार कसे? सोजराबाईंनी सगळा जीव त्या रविवारात टांगलेला. टीम जिंकली की स्वरा पुढच्या रविवारी दिसणार, एवढंच त्यांना माहीत. पॅकिंगच्या कामावर बायकांना सांगायच्या, "जितली बग! म्हंजे येती पुडच्या रविवारी." हॉस्टेलवरून यावी तशी. पहिला सामना जिंकली, देवापुढे गूळ. दुसरा जिंकली, चाळभर पेढे. आज तिसरा. सेमीफायनल. निळा ड्रेस.

तर आता दीपिका. टीममधली दुसरी पोरगी, मासवणची. सोजराबाई बोलवायच्या म्हणून दर रविवारी एसटीने यायची. त्या दिवशी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तिने खंडेरावांना बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं.

"काका, आज काकींना बघू नका देऊ."

"हारला ना तुमी? ठावं हाय मला."

"कोणी सांगितलं?"

"हिरव्याची घडी तशीच हाय, पोरी."

दीपिका एकदम भडाभडा बोलायला लागली. "नुसतं हारलो नाय, काका. शेवटचा प्रश्न हाय ना, तिने आमाला न विचारताच बझर दाबला. आमच्यातला तिसरा, मनीष, हात धरायला गेला तिचा, पण दाबला होता. आणि चुकलं. मग ती रडायलाच लागली. कॅमेरा तिच्यावरच. 'सॉरी आई, सॉरी आई', एवडंच म्हणत होती. मी शूटिंगवाल्यांना बोलले, हे काढून टाका. हसले ते."

खंडेराव नळाच्या कठड्याला टेकून राहिले.

तुझ्या लक्षात येतंय ना? आईला तिची पोरगी शेवटची दिसणार ती अशी. माफी मागताना. आणि पोरगी आता कुठे समोर होती, की नाही गं बाई म्हणून जवळ घ्यायला?

बरं, सामना एवढा अटीतटीचा! बरोबरीत आले. निवेदक म्हणाला, शेवटचा प्रश्न. सोजराबाईंनी पदर तोंडात धरलेला. खंडेराव दाराबाहेर, मीटरच्या बोर्डाजवळ. तिथून त्यांना टीव्ही दिसत होता, आणि बायकोची पाठ. दीपिका आतून त्यांच्याकडे बघत होती.

प्रश्न काय होता कोणाला आठवत नाही. स्वराने वेणी तोंडातून काढली. हात बझरवर गेला.

बॉयलरचा काटा लाल रेघेकडे सरकला की विचार करायचा नसतो. हात आपला जातो. खंडेरावांचा हात गेला. त्यांनी खोलीचा फ्यूज उपसून काढला.

काळोख. पोरं ओरडली, "लाइट गेली! लाइट गेली!"

"अरे, आमच्याकडे तर आहे!" हेतलभाभी म्हणाली. "थांबा थांबा, मोबाइलवर लावते." फोन पेटला, तिच्या तोंडावर उजेड पडला. तेवढ्यात सोजराबाई उठल्या आणि त्यांनी त्या उजेडावर तळवा ठेवला.

"राहू दे, भाभी."

"अहो पण निकाल?"

"हात बझरवर हाय तिचा. असू दे तसाच."

एकेक करून सगळे निघाले. दीपिका पाया पडली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.

खंडेराव आत आले. सोजराबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या.

"फ्यूज तुमच्या मुठीत हाय न्हवं?"

खंडेरावांनी फ्यूज पलंगावर ठेवला.

"आन् हिरवा ड्रेस गोधडीमागं हाय. मी बगितलाय."

"कवा?"

"पयला सामना लागायच्या आदीच. घडी बी बगितली." मग म्हणाल्या, "तरी वाटायचं, पोरगी हट्टी. निळाच दोनदा घातला असंल."

बाहेर शेजारच्या टीव्हीवर टाळ्या वाजल्या. कोणीतरी पटकन आवाज कमी केला.

"दीपिकानं बाहेर नेऊन तुमाला समदं सांगितलं असंल," सोजराबाई म्हणाल्या. "शेवटाला कशी होती वो? हसत होती का?"

खंडेराव म्हणाले, "हसत होती."

आता शेवटचं. दुसऱ्या दिवशी खंडेराव ड्युटीवर गेले ते हिरवा ड्रेस पिशवीत घालून. पावसाळ्यात इतके दिवस कपाटावर राहून त्याला ओलीचा वास धरला होता. त्यांनी तो पाइपच्या पत्र्यावर ठेवला, पण उलगडला नाही. घडीसकटच. थोड्या वेळाने उचलून उलटा केला, पुन्हा तळव्याने दाबला.

मिथुनने बघितलं. लाँड्रीचं काही बोलला नाही. जवळ येऊन हळूच फोन पुढे केला. "चाचा, कल का पूरा एपिसोड है इसमें. आप अकेले देख लो. चाची को थोडी बोलूँगा."

फोनवर स्वरा होती. निळा ड्रेस, हात बझरवर, थांबलेली. बोट लावलं की हलणार. बोलणार. दोन मिनिटं का होईना, जिवंत. रडली असती, पण रडणारीसुद्धा त्यांचीच पोरगी ना रे? आणि बायकोला तर सांगून बसलेत, हसत होती.

खंडेरावांचा एक हात त्या उबदार घडीवर. दुसऱ्या हातात मिथुनने फोन ठेवलेला.

आता सांग. तू काय केलं असतंस?