चौबगला

ढोल नीट चढायच्या आतच बिरदेवच्या काखेत टर्रकन फाटलं. गजी नाचाची तालीम थांबली, पोरं खो खो हसली. परवा सणसरच्या जत्रेत त्याला पहिल्यांदाच वारलेल्या बापाच्या जागी पुढे नाचायचं होतं, आणि नवाकोरा रेडीमेड अंगरखा तालमीतच गेला!

घरी येऊन त्यानं तो बायकोसमोर टाकला. "सारजा, तू कंपनीत शिवतीस न्हवं? मग कर की नीट."

सारजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारामतीच्या कपड्यांच्या कंपनीत ती वर्षानुवर्षं मशीनवर बसत होती खरी, पण शर्टाची एक बाजू शिवायची आणि पुढे सरकवायची, एवढंच. अख्खा कपडा तिनं जन्मात शिवला नव्हता. फाटलेलं तिनं दोनदा शिवलं. बिरदेवनं हात वर केला की पुन्हा टर्र!

सासू, चंद्राबाई, उठली आणि नवऱ्याचा जुना अंगरखा घेऊन आली. तिनंच हातानं शिवलेला. खांद्यावर पार विरलेला, पण काख शाबूत.

"हितं बघ. चौबगला." काखेत तिरका बसवलेला चौकोनी तुकडा तिनं दाखवला. "ह्यानं हात मोकळा ऱ्हातो. रेडीमेडवाल्या भाड्यांनी कापड वाचीवलं."

"आत्याबाई, बसवायचा कसा?"

"सांगून न्हाय कळायचं. उसव."

"आवं, मामंजींचा हाय त्यो!"

"मग त्येंचा ल्योक चारचौघांत फाटका नाचू दे व्हय?"

सारजाचा हात धजेना. शेवटी म्हातारीनंच टाका ओढला. आपलेच बारीक, एकसारखे टाके ती काढत होती आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. नवऱ्याशीच भांडत असावी.

बाह्या सुट्या झाल्या, चौबगला हातात आला. त्या तुकड्याच्या मापानं सारजानं नवं कापड कापलं. पहिला उलटा बसला. सासूच्या शिव्या खाल्ल्या, पुन्हा बसवला.

जत्रेत बिरदेवनं दोन्ही हात आभाळाकडे फेकून गिरकी घेतली. शिवण जागची हलली नाही. सारजाला हुंदकाच आला. आपण शिवलेलं कुणाच्या अंगावर तिनं आजवर पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या उमेदीनं जुना अंगरखा जोडायला बसली. चंद्राबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"नगं बाई. तुजी शिवण चांगली हाय. पर त्येंच्या अंगावर माजीच हुती."

आणि बाह्या वेगळ्या, अंग वेगळं, अशी घडी घालून तिनं ते पेटीत ठेवलं.