हळद पिवळी राहीपर्यंत

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. वडप्याला आग्रा रोडच्या कडेला काळूरामशेठनी बंगला बांधला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. सहा ट्रक आणि दोन गोदामं असलेल्या माणसानं बंगला बांधायचा नाही तर काय करायचं! पण बंगल्यामागे चाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद खड्डा खणून त्यांनी त्याला आकाशी फरश्या लावल्या, तेव्हा मात्र दिघाशीपासून कशेळीपर्यंतची माणसं काही ना काही काम काढून बघून गेली. कुणी म्हणालं, म्हशींसाठी असेल. कुणी म्हणालं, म्हशींना फरश्या कोण लावतं, मासे पाळणार असतील. काळूरामशेठ सगळ्यांना एकच सांगत, "स्विमिंग पूल हाय. लोनावल्याला एका पार्टीच्या बंगल्यात बघितला, तसा."

पूल बांधणारा मुंबईचा माणूस बोअरचं पाणी भरून, पंप चालू करून, हातात एक खोकं देऊन निघून गेला. खोक्यात काचेची नळी, औषधाच्या दोन बाटल्या आणि इंग्रजी पुस्तिका. दोनातली एक बाटली वाटेतच फुटली होती. पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिल्यावर शेठना आपल्या मुलीच्या, मैनाच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या.

अशी सुचेता या पाण्यात पडली. तेहेतीस वर्षांची, बिनलग्नाची, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी. भिवंडीच्या मुलींच्या शाळेत ती आम्ल आणि अल्कली शिकवायची आणि मुली ते वहीत उतरवून विसरायच्या. आता शाळा सुटली की शेठचा ट्रक नाक्यावर उभा राही आणि बाई पदर सावरत केबिनमध्ये चढत. दोन दिवसांत सगळ्या शिक्षकांच्या खोलीला ते ठाऊक झालं.

पहिल्याच दिवशी शेठनी हिशोब स्पष्ट केला. "मास्तरीनबाई, दसऱ्याला माझे मुंबईचे पावणे येनार. तवर तळाची जाळी दिसली पायजे. न्हाय दिसली तर दुसऱ्या दिवशी मुरूम टाकतो आन वर ट्रक उभे करतो. जागा फुकट घालवाया मी काय येडा हाय?"

जाळी म्हणजे खोल टोकाला, तळाशी, पाणी सोडायच्या भोकावर बसवलेली हातभर लोखंडी जाळी. त्या दिवशी ती धुरकट का होईना, दिसत होती. सुचेताला वाटलं, चार दिवसांचं काम आहे.

शेठ गेल्यावर त्यांची बायको ठकुबाई मागच्या दारातून बाहेर आली. उंच, काळीसावळी, नऊवारी नेसलेली, पन्नाशीला टेकलेली. नवऱ्यासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"बाई, जाळी दिसंल ना?"

"दिसेल की. का हो?"

ठकुबाईनं एकदा घराकडे पाहून घेतलं. "मला आत जायाचंय."

"घरात? मग जा ना."

"पान्यात, वो!"

आणि मग नळी धुता धुता सुचेतानं ऐकलं ते असं. दिघाशीच्या मळ्यातल्या विहिरीत ठकुबाई पोरींमध्ये एकटी उडी मारायची, तीही पायरीवरून नाही, थेट मोटेच्या दगडावरून. ती वर येईपर्यंत पोरं काठावर श्वास रोखून बसायची. पंधराव्या वर्षी लग्न झालं. सासरची विहीर भर गावात, सगळ्यांच्या नजरेसमोर. सुनेनं पाणी शेंदायचं, आत उतरायचं नाही. तेव्हापासून ती कधी पाण्यात गेली नव्हती.

"पस्तीस वरसं पानी डोक्यावर घेतलं," ठकुबाई म्हणाली. "एकदा त्यानं मला घेऊ दे. पावणे येऊन गेले की दुपारचं कोन नसताना. पन मुरूम पडला तर गेलं."

"शेठना सांगितलंत?"

"हसतील."

सुचेतानं पुस्तिका उघडली. आतापर्यंत ते पाणी शेठचं होतं. आता ते दुसऱ्याच कुणाचं तरी झालं.

तिनं मापं घेतली, गुणाकार केला, साडेबावीस हजार गॅलन. जंतू मारायला रोज संध्याकाळी एक डबा ब्लीचिंग पावडर घालायची, असं कागदावर लिहून तिनं कागद मोरूच्या हाती दिला. मोरू शेठच्या बापाच्या वेळचा गडी, साठीचा. वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं विसरत नव्हता. फुटली ती बाटली नेमकी पावडरीचं प्रमाण तपासायची होती. उरलेली बाटली पाणी आंबट, म्हणजे आम्ल आहे की खार, म्हणजे अल्कली, हे सांगणारी. नळीभर पाण्यात पाच थेंब टाकायचे. गुलाबीसर नारिंगी आलं तर ठीक. गडद लाल आलं तर खार जास्त, पिवळं आलं तर पाणी आंबट, मग धुण्याचा सोडा घालायचा.

पहिले तीन दिवस नारिंगी आलं. चौथ्या दिवशी पिवळं. सुचेतानं पाच किलो सोडा विरघळवून ओतायला लावला. सहाव्या दिवशी पुन्हा पिवळं. पुन्हा पाच किलो. पाणी गढुळलं. आठव्या दिवशी तर नळी लिंबासारखी पिवळी. आणखी पाच किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवाल्यांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं, तर चाळीस फूट लांब, पांढरंफेक ताक.

"मोरूकाका, मीठजिरं टाका, पीते हैं!" एक ड्रायव्हर ओरडला.

जाळी गेली. जाळीच काय, तिसरी पायरीही दिसेना. शेठ काठावर येऊन उभे राहिले आणि जाताना मुरमाच्या खाणीत फोन लावायला सांगून गेले.

सुचेता त्या रात्री जेवली नाही. आकडे पुन्हा मांडले, चूक सापडेना. बाटली म्हणत होती आंबट, पुस्तिका म्हणत होती सोडा घाला, तिनं घातला. वर्गात एखादी मुलगी या पाण्यासारखी हटून बसली असती तर बाईंनी तिला बाकावर उभं केलं असतं.

दसऱ्याला पाच दिवस उरले होते. रविवारी सकाळी ती गेली ती खरं म्हणजे हात टेकायला. पाहते तर ठकुबाई न्हाऊनधुऊन, ताट घेऊन पुलाच्या काठावर बसलेली. नारळ, फुलं, हळदकुंकू.

"हे काय?"

"जलदेवतेची पूजा. नव्या हिरीची करतात ना? हितं कुनी केलीच न्हाय. म्हून रुसलंय पानी."

"ठकुबाई, फुलं पंपात अडकतील. नारळाचं पाणी तर मुळीच नको!"

"बरं बाय, न्हाय टाकत. चिमूटभर हळद तर लावू द्याल? का तीबी पंपात अडकते?"

सुचेता हसली आणि बाजूला सरकली. ठकुबाईनं पितळेच्या वाटीत पुलातलं पाणी घेतलं, त्यात हळद कालवली, बोट बुडवून काठाच्या फरशीला पाच टिळे लावायला गेली, आणि दुसऱ्याच टिळ्याला थांबली. वाटी उन्हात धरली. मग वाकून पाण्याचा वास घेतला.

"बाई, हे आंबट म्हनता तुमी?"

"बाटली म्हणते."

"बाटली खोटं बोलतीय. हे बगा."

वाटीतली हळद लाल झाली होती. विटकरी, गंजलेल्या लोखंडासारखी.

"आमची आय घरी कुकू करायची," ठकुबाई म्हणाली. "हळदीत चुन्याची निवळी घातली की असाच रंग चढतो. आंबट पान्यात हळद कदी लाल होती का? हे पानी खारावलंय. पार खारावलंय. वरणात मीठ जास्त पडावं तसं."

सुचेताचे कान तापले. सातवीच्या वर्गात ती दर वर्षी मुलींना विचारायची: हळदीचा डाग साबणाने लाल का होतो, सांगा पाहू? दहा वर्षं तो धडा शिकवला, आणि दहा दिवस त्या पुलाच्या काठावर बसून तो एकदाही आठवला नाही. समोरची बाई शाळेची पायरी चढली नव्हती, पण पाण्याकडे बघणं तिनं सोडलं नव्हतं.

"मग नळी पिवळी का?" सुचेता स्वतःशीच म्हणाली. आणि मग मोठ्यानं, "मोरूकाका! पावडर कशी घालता, करून दाखवा बघू."

मोरूनं डबा आणला. पहिलं माप भरलं, कपाळाला लावलं, म्हणाला, "लाभ." ओतायची खूण केली. दुसरं माप भरलं. म्हणाला, "एक."

"म्हणजे दोन झाले की हो!"

"एकच घातला, बाई. तुमी एक सांगितला." मोरूला तिची कीव आली. "पैला लाभाचा. तो मोजायाचा नसतो. आमच्यात भात मोजताना पैलं माप देवाचं. बाकी कायबी असूं द्या, लाभ चुकवून माप घेनारा मानूस म्या न्हाय."

म्हणजे रोज दुप्पट, आणि तेही एवढ्या निष्ठेनं की एकही दिवस चुकला नव्हता. सुचेता तिथंच फरशीवर बसली. भिवंडीत कोऱ्या कापडाचा पिवळेपणा घालवतात तो याच पावडरीनं. पुलात ती एवढी साठली होती की नळीत पडलेल्या औषधाचा लाल रंगच ती खाऊन टाकत होती. रंग गेला की उरतं ते पिवळं. आंबटपणा नव्हताच, आणि ती सोडा ओतत बसली होती. तो सोडा आणि पावडरीतला चुना मिळूनच ते ताक झालं होतं.

तरी तिनं खात्री करून घेतली. परातभर पाणी दुपारपर्यंत उन्हात ठेवलं, पावडर उडून जायला. तीन वाजता त्याच पाण्यात पाच थेंब टाकले. नळी डाळिंबासारखी लाल.

"हळदीनं सकाळीच सांगितलं हुतं," ठकुबाई परात उचलत म्हणाली. "तुमच्या बाटलीला दुपार लागली."

"आता आंबट घालायला हवं."

"चिंचेचा कोळ करू का? पातेलं मोठं लागंल."

चिंच नाही, तेजाब आणलं, भिवंडीच्या एका रंगाईच्या कारखान्यातून, काचेचा अख्खा बुधला. सुचेतानं आधी पावडरीचे सगळे डबे दूर गोदामात हलवायला लावले आणि मोरूला बजावलं, पावडर बंद आणि तेजाबाला लाभबीभ काही नाही.

"मंग देवाचं माप?" मोरूनं घाबरून विचारलं.

"देवाला कोरडा नमस्कार करा. यातलं त्यांना मुळीच नको."

नाकाला फडकं बांधून, प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात थोडं थोडं तेजाब सोडायचं, मग ते पंपाच्या तोंडापाशी ओतायचं, मग थांबायचं. ओतणं सुचेताचं, थांबवणं ठकुबाईचं. दर दोन तासांनी ती वाटीत पाणी घेई, हळद कालवी, उन्हात धरी. घाई करू देत नसे. सोमवारी संध्याकाळी हळद विटकरीच होती. मंगळवारी दुपारी तांबूस. "आजून न्हाय," ठकुबाई म्हणे, आणि सुचेता, जिच्याकडे पुस्तिका होती, मुकाट्यानं बादली खाली ठेवी. शाळेतून तिनं दोन दिवस रजा घेतली होती. अर्जात कारण लिहिलं होतं, घरगुती.

बुधवारी सकाळी वाटीतली हळद पिवळी राहिली. ठकुबाईनं शंभरपर्यंत आकडे म्हटले, तरी पिवळीच. उन्हात ठेवलेल्या पाण्याची नळी गुलाबीसर नारिंगी आली. ताक फिकं होत होतं. तिसरी पायरी दिसली, मग पाचवी. पंप रात्रंदिवस चालला, मोरूनं पंपाची वाळूची चाळणी चार वेळा धुतली. गुरुवारी सुचेता आली तेव्हा ठकुबाई खोल टोकाशी उकिडवी बसली होती. तिनं मागे न बघता नुसतं बोट दाखवलं. तळाची जाळी. एकूणएक भोक मोजून घ्यावं अशी.

दसऱ्याच्या दुपारी मुंबईचे पाहुणे आले, चहा पिऊन, पुलाचं कौतुक करून गेले. कुणी बोटसुद्धा बुडवलं नाही. सगळ्यांना सोनं वाटत गावभर फिरायचं होतं.

शेठ त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. दुपारचे दोन. सुचेता नळी आवरत होती, तेवढ्यात तिला पाठीमागे साडी झटकल्याचा आवाज आला. ठकुबाईनं नऊवारीचा काष्टा घट्ट वर खोचला होता. तिनं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, वास घेतला, जिभेचं टोक लावलं.

"झालं," ती म्हणाली, आणि मागे सरकून धावत आली.

तो सूर काही पन्नाशीच्या बाईचा नव्हता. पाणी फाटलं आणि मिटलं. ठकुबाई तळाशी जाळीपर्यंत गेली, तिला हात लावलेला वरून स्पष्ट दिसला, आणि ती वर आली ती पार दुसऱ्या टोकाला. केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू जागच्या जागी.

शेठ केव्हा येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नाही. हातातली आपट्याची पानं तशीच होती.

"तुला पवता येतंय?"

"तुमी कदी इचारलं?" ठकुबाई पाण्यातूनच म्हणाली.

शेठनी पाण्याकडे पाहिलं, तळाकडे पाहिलं, मग सुचेताकडे. मग मोरूला हाक मारून म्हणाले, "खानीवाल्याला सांग, मुरूम नको. आन हितं कपडे बदलायला एक खोली बांधायची हाय. आडोसा पायजे." एवढं बोलून ते घरात गेले आणि खिडकीचा पडदा बाजूला सारून पुन्हा बघत राहिले, हे सुचेतानं पाहिलं, ठकुबाईनं न पाहिल्यासारखं केलं.

"या बाई, आत या."

"मी? छे! मला नाही येत पोहता."

"मंग हे सारं केलंत कशाला?"

साडेबावीस हजार गॅलन तिनं कागदावर उभे केले होते, पण त्यात उतरणं हा वेगळा विषय होता. तिनं चपला काढल्या, साडी चार बोटं वर धरली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. थंडगार. डोळे चुरचुरले नाहीत, कातडी चरचरली नाही. दुसऱ्या पायरीवर साडीचा काठ भिजला.

"भिऊ नका," ठकुबाईनं हात पुढे केला. "तुमी केलेलं पानी हाय."

"आपण केलेलं," सुचेता म्हणाली, आणि तो हात धरून तिसरी पायरी उतरली.