माझ्या वाटचं ऊन

मित्रांनो, जिन्याखाली लाकडी फळीवर बसून असते ती जुनी बॅटरी म्हणजे मी. अंगाने जड, स्वभावाने गरीब. हल्ली लवकर थकते, तेव्हा सावकाश सांगते.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, वर आम्ल ओतलं आणि झाकणं लावली. या घरात मी आले ती गच्चीवरच्या सोलर पॅनलची जोडीदार म्हणून. मोठा थाट परवडणारा नव्हता. आजोबांचा धाकटा मुलगा म्हणाला, "एका पॅनलपासून सुरुवात करू. जमलं तर पुढचं पुढे." वीज गेली की दोन दिवे, एक पंखा आणि आजोबांचं वाफेचं मशीन, एवढाच भार माझ्यावर. आजोबांना दमा आहे. धाप लागली की त्या मशीनमधून औषधाची वाफ घ्यावी लागते आणि ती मध्येच तुटून चालत नाही.

पॅनल दिवसभर ऊन गोळा करून मला भरवायचं, संध्याकाळी मी घराला वाढायचे. सून आठवणीने माझ्यात बॅटरीचं पाणी घालायची, नळाचं कधीच नाही. आजोबा येता-जाता म्हणायचे, "सूनबाई, हिला माझ्याआधी जेवू घाल."

"घालते की. ती तुमच्यासारखे नखरे करत नाही ताटावर," सून म्हणायची.

मग घरात बाळ आलं. सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे गेलं. ते जायलाच हवं होतं. थंडीचे दिवस लागले आणि मी मात्र उपाशी राहू लागले. सकाळी चार घास मिळायचे, मग दुपारभर जवळजवळ काहीच नाही. अर्ध्या पोटी कामाला लागायचं, रिकाम्या पोटी दिवस संपवायचा. मित्रांनो, बॅटरीला उपास सोसत नाही. पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि अंगातली ताकद हळूहळू जाते.

एका संध्याकाळी वीज गेली आणि नेमकी तेव्हाच आजोबांना धाप लागली. मशीन घरघरलं आणि अर्ध्यावर थांबलं. माझ्यात काही उरलंच नव्हतं. सून त्यांची पाठ चोळत राहिली, पाळण्यात बाळ रडत राहिलं. वीज लवकर आली म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वायरमन आला. त्याने मला तपासलं, गच्चीवर जाऊन पॅनल पाहिलं. "पॅनल ठीक आहे. बॅटरी म्हातारी झाली, बदला," म्हणाला. नवी घेणं इतक्यात जमणार नव्हतं. आजोबांनी वेगळं राहणाऱ्या थोरल्या मुलाला फोन केला आणि सुनेला सांगितलं, "रविवारी तो न्यायला येतोय. त्याच्याकडे वीज जात नाही."

"आणि बाळाला कोण खेळवणार?"

"तुझं बाळ मला बघून रडतं."

"ते मला बघूनही रडतं. म्हणून मी कुठे चाललेय?"

आजोबा हसले, पण बेत काही बदलला नाही. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. पण अर्ध्यावर थांबलेल्या मशीनची त्यांना धास्ती बसली होती.

सून पहाटे बाळाचे कपडे वाळत घालायची आणि अंधार पडता पडता काढायची. दुपारी गच्चीवर जायला तिला सवड कुठली? पण त्या आठवड्यात एका दुपारी बाळाने घरातला शेवटचा कोरडा लंगोट ओला केला. ती धावत वर गेली आणि तिथेच थबकली. लंगोट आणि दुपटी ओळीने वाळत होती आणि त्यांची लांब सावली पॅनलवर आडवी पडली होती. थंडीत ऊन कलतं. बाळ आल्यावर बांधलेली ती दोरी रोज माझ्या ताटात हात घालत होती. वायरमन आला तेव्हा कपडेही काढलेले होते आणि ऊनही गेलेलं.

"बाबा," जिन्यातूनच ती म्हणाली, "बॅटरी म्हातारी असेल-नसेल, आपणच तिला उपाशी मारत होतो."

दोरी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

रविवार उजाडायच्या आत पुन्हा वीज गेली आणि आजोबांना धाप लागली. सुनेने आधी दिवे मालवले, पंखा बंद केला आणि मगच मशीन लावलं. माझी हाडं दुखत होती, पण मी धरून राहिले. औषधाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत वाफ तुटली नाही.

आजोबा बराच वेळ नुसते श्वास घेत बसले. मग त्यांनी थोरल्याला फोन लावला. "न्यायला येऊ नकोस. जेवायला येणार असलास तर ये."

मित्रांनो, गेलेली ताकद सगळी परत येत नाही. आता पंखा माझ्यावर नसतो. मशीन आणि एक दिवा, तेवढंच मला झेपतं. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. दिवसभर घराला पुरवणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. ते संध्याकाळी गळून बसलं, तर 'संपलं' म्हणून मोकळे होऊ नका. एकदा भर दुपारी वर जा आणि त्याच्या वाटच्या उन्हावर आपण काय वाळत घातलंय ते पाहा.