साउंडचेकचं गाणं

गाडीच्या खिडकीत ओले मोजे अडकवले की वाळतात. शेजारी बसलेला माणूस मात्र कोमेजतो.

*

रिकाम्या सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परत येतो. माणसं येऊन बसली की अर्धा आवाज त्यांच्या कपड्यांतच जिरतो.

*

"मशीनचा पाइप निसटलाय. पाणी पार बाहेरच्या खोलीत आलंय. मी टॉवेल टाकलेत. तुझा चांगला पण टाकलाय. रागावू नकोस." (नवरा, फोनवर.)

*

एका गावात खुर्च्या पुसणारी बाई फडकं मारता मारता एक गाणं गुणगुणत होती. त्या गावात ते गाणं ऐकलेलं दुसरं कुणीच नव्हतं.

*

बेस गिटारच्या जाड तारांनी बोटं आधी सोलवटतात, मग हुळहुळतात, मग निबर होतात. निबर झाली की आपली आपण चालतात.

*

"बघू." (भावजी, दर गावात.)

*

हे तुकडे ओवायचे तर दोरा म्हणजे वहिनी. बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. गाणारे भावजी म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर. तो वहिनी म्हणतो म्हणून ड्रमवरचा ठोक्याही वहिनी म्हणे. कीबोर्डवाले मास्तर तिच्या वडिलांच्या वयाचे, तेही वहिनी म्हणत. आणि आवाज जुळवणारे काका, जे गाडीही चालवत आणि गाडीला शिव्याही देत, ते भर सभागृहात माइकवरून ओरडत, "वहिनी, जरा खालची तार!" जगाची वहिनी झालं की एक सोय होते, सगळे मान देतात. गैरसोय एवढीच की ऐकत कुणी नाही.

वहिनीने एक गाणं केलं होतं. शब्द तिचे, चालही तिचीच. दौरा संपला की बँड नवी गाणी रेकॉर्ड करणार होता आणि त्याबाबत भावजींचा नियम साधा होता: जे लोकांसमोर वाजलं नाही ते रेकॉर्डमध्ये नाही. टाळ्या पडल्या की गाणं पक्कं. म्हणजे या दौऱ्यात, कुठल्याही गावात, भरल्या सभागृहात ते गाणं एकदा वाजायला हवं होतं. एकदाच. बाई काही आभाळ मागत नव्हती.

वाजत तर ते रोजच होतं. दुखणं तेच होतं.

*

त्याचं असं झालं. कार्यक्रमाआधी साउंडचेक असतो. प्रत्येकाचा आवाज किती वर, किती खाली, कुणाचा माइक किरकिरतो, कुणाची वायर मेली आहे, ते काका तपासणार. त्यासाठी एखादं गाणं वाजवायचं. वहिनीच्या गाण्यात आधी बेस एकटा येतो. मग ड्रम. मग कीबोर्ड, मग भावजींची गिटार, मग त्यांचा गळा. आणि दुसऱ्या कडव्यात सगळे एकदम.

"सोनं आहे हे गाणं वहिनी," काका म्हणायचे. "एकेक जण दारातून नाव सांगून आत येतो. माझं काम निम्मं होतं."

दुसरं कडवं संपता संपता त्यांचं सगळं जुळलेलं असे. ते हात वर करत. "बस! झालं. चहा घ्या."

गाण्यातली बाई पहिल्या कडव्यात खिडकीत उभी आहे. दुसऱ्या कडव्यातही खिडकीतच, फक्त दिवा लावलेला. तिसऱ्या कडव्यात ती

बस! झालं. चहा घ्या.

*

"मग कार्यक्रमात घ्या की," वहिनी पहिल्यांदा म्हणाली तेव्हा गाडी कुठल्याशा पुलावर अडकली होती आणि भावजी लिंबाची गोळी चोखत होते.

"साउंडचेकचं गाणं कार्यक्रमात घेत नाही आपण. रीत आहे."

"कुणाची?"

"बँडची. एकदा घेतलं होतं. स्पीकर जळला."

"कशाने जळला?"

"ठोक्याने त्यावर चहा सांडला."

"अर्धाच कप," ठोक्या मागून म्हणाला.

"मग त्यात गाण्याचा काय दोष?"

"वहिनी, तुम्ही फार खोलात शिरता."

खोलात शिरू नये तर मग वरवर करावं, म्हणून पुढच्या गावी तिने काकांना सुचवलं की साउंडचेकला दुसरं एखादं गाणं घ्या. काकांनी घेतलं बिचाऱ्यांनी. त्या गाण्यात सगळे पहिल्याच ठोक्याला तुटून पडतात. कोण शिट्टी मारतंय, कोण घरघरतंय, काकांना कळेना. एक वायर बदल, दुसरी काढ, असं करता करता दारं उघडायची वेळ आली. प्रेक्षक आत यायला लागले तरी मास्तर मंचावर "हॅलो, हॅलो" करत बसलेले. भावजींचा पारा चढला. त्यापुढच्या गावी पुन्हा वहिनीचं गाणं.

नंतर तिने सगळे मार्ग चोखाळले. गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, रुसून पाहिलं. एकदा तर "माझं पोट दुखतंय" म्हणून साउंडचेकलाच गेली नाही, तर काकांनी तिच्या वाट्याची सुरुवात मास्तरांकडून कीबोर्डवर वाजवून घेतली आणि नंतर येऊन तिला पोटदुखीची गोळी दिली. चांगल्या माणसांवर रागावताही येत नाही, ते फार वाईट.

नवऱ्याला फोन केला.

"तुमच्या भावाला सांगा काहीतरी."

"मी सांगितलं तर तो म्हणेल, घरचं दारात आणू नका."

"आणि मी सांगितलं तर म्हणतो, बघू."

"मग बघेल."

"तुम्ही दोघं एका आईचीच लेकरं, शंका नाही."

"टॉवेल वाळले," नवरा म्हणाला.

*

गाडी. खोली. गाडी. सभागृह. चहा. खोलीतली उशी विटेसारखी किंवा पापडासारखी, मधली नाहीच. अंघोळीचं पाणी गार, प्यायचं कोमट. मास्तरांचं घोरणं भिंतीपलीकडून, तेही तालात. ठोक्या जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी वाजवतो, गाडीच्या सीटवर बोटांनी वाजवतो. फक्त मंचावर कधी कधी वाजवायचं विसरतो. वहिनीची दोन्ही पोरं फोनवर आधी भांडायची, मग विचारायची, "आई, तुझं गाणं झालं का?" आणि ती म्हणायची, "आज नाही." पुढे पुढे पोरांनी विचारणंच सोडलं. तेव्हा तिला जास्त लागलं.

*

शेवटच्या गावी भावजींचा घसा बसला.

कार्यक्रम दुपारचा होता. सकाळी उठून ते बोलायला गेले तर आतून नुसतं दार कुरकुरल्यासारखं काहीतरी आलं. मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ झाली, ठोक्याने फडकं गरम करून गळ्याला बांधलं. वरच्या पट्टीतली गाणी एकामागून एक गळायला लागली. हे नको, ते जमणार नाही, ते तर मुळीच नाही. उरलेल्या गाण्यांत कार्यक्रम काही भरेना.

मग भावजी तिच्याकडे वळले आणि त्या कुरकुरत्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचं ते टाकू. ते खालच्या पट्टीत आहे."

इतके दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लावला ते असं मिळालं, कुणाचा घसा बसला म्हणून. तिला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला.

"आणि तुमची रीत?" तिने विचारलं.

"घसाच बसलाय, आणखी काय व्हायचंय?"

"मग एकदा पूर्ण वाजवून घेऊ साउंडचेकला. शेवटपर्यंत."

चौघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने श्वास कसा घ्यायचा याची तालीम सांगितली.

"अहो, रोज वाजवतो आपण," मास्तर म्हणाले.

"झोपेत वाजवीन मी," ठोक्या म्हणाला.

"घसा राखू दे मला," भावजी म्हणाले. काकांनी घड्याळ दाखवलं, दारं उघडायची होती. सगळे मंचावर गेले, बेस आला, ड्रम आला, कीबोर्ड, गिटार. गळ्याच्या जागी भावजींनी नुसते ओठ हलवले. काकांनी हात वर केला.

बस. झालं.

*

सभागृह भरलं होतं. वहिनीने मोजलं नाही, पण मागच्या भिंतीला टेकून माणसं उभी होती. तिची पाळी आली. भावजी माइकवर म्हणाले, "हे गाणं आमच्या वहिनीचं," आणि लोक हसले, कारण वहिनी म्हटलं की लोक उगाच हसतात.

तिने सुरुवात केली. एकटीच. जाड तारेचा आवाज जमिनीतून आल्यासारखा लोकांच्या पायांत शिरला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मोबाइल खाली ठेवला. ठोक्या आला, हलक्या हाताने. मास्तर आले. गिटार आली. आणि भावजींचा तो फाटका घसा, काय सांगावं, त्या गाण्याला असा शोभला की जणू गाणं त्याच्याचसाठी थांबलं होतं. खिडकीतली बाई दिसायला लागली. दुसरं कडवं आलं, सगळे एकदम आले, आणि वहिनीच्या मानेवर काटा उभा राहिला. आता. आता पुढे

थांबले.

सगळे. एकाच क्षणी, एकाच जागी, सुरीने कापावं तसे. ठोक्याच्या काठ्या हवेत. मास्तरांची बोटं पट्ट्यांवरून वर. भावजींचं तोंड मिटलेलं. काकांचा हात वर गेलाच नव्हता. गरजच नव्हती. दौराभर रोज जिथे थांबले तिथेच सगळ्यांचे हात आपणहून थांबले.

आणि वहिनीची बोटंही. सगळ्यात कळवळून सांगायची गोष्ट ती हीच. तिचीच बोटं, निबर झालेली, आपली आपण चालणारी, आपली आपण थांबली.

तिने तारेवर बोट ठेवलं. पुढचा सूर तिला माहीत होता, तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार. पण तेवढ्यात टाळ्यांचा पाऊस पडला. म्हातारी उठून उभी राहिली. भावजी कमरेत वाकले. आणि टाळ्या विरायच्या आत ठोक्याने पुढच्या गाण्याच्या काठ्या वाजवल्या. एक, दोन, तीन, चार.

*

गाडीत सगळे खूश. खिडकीत मोजे. काका शीळ घालत गाडी चालवत होते.

"रेकॉर्डमध्ये पहिलं हेच," भावजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वहिनी, मानलं तुम्हाला. आणि काय शेवट! धाडकन. लोकांना कळलंच नाही काय झालं ते."

"मलाही नाही कळलं," वहिनी म्हणाली.

"छोटं आणि गोड. असंच ठेवू."

"गाणं अर्धं आहे भावजी. तिसरं कडवं राहिलं."

भावजींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी ठोक्याकडे. ठोक्या सीटवर बोटं वाजवायची थांबला.

"तिसरं पण आहे?" भावजींनी विचारलं.

मग वहिनी जे बोलली, तसं बोलताना तिला दौराभर कुणी ऐकलं नव्हतं. चढ्या आवाजात नाही, उलट हळू, एकेक शब्द टेबलावर भांडं ठेवावं तसा. दौऱ्याच्या आधी घरी कागद दिला होता तुम्हाला, शेवटपर्यंत वाचलाही नाहीत. ती बाई दोन कडवी खिडकीत उभी राहते ती कशासाठी? तिसऱ्यात चप्पल घालते, दार ओढून घेते आणि चालायला लागते. ते काढलं तर उरतं काय? एक बाई, खिडकीत, वाट बघत. असली गाणी ढीगभर पडलीत.

"पण लोकांना आवडलं," मास्तर चाचरत म्हणाले.

"आवडणारच. ती हलत नाही ना."

"वहिनी, मिळतंय ते घ्या," भावजी म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते, थकले होते. "आता टाळ्या पडल्यात त्या एवढ्यालाच. आणखी लांबवलं आणि पडलं तर? नियम तुम्हाला माहीत आहे."

"घ्यायचं तर पूर्ण घ्या. नाहीतर नको."

तिला वाटलं, ते "बघू" म्हणतील. तिची सगळी तयारी "बघू"साठी होती.

"बरं," भावजी म्हणाले. "मग नको." आणि गळ्याचं फडकं डोळ्यांवर ओढून झोपले.

गाडीतून उतरून जावं असं तिला वाटलं. पण जाणार कुठे? राहायचं एकाच घरात, भावजींच्या खोलीला लागून तिची खोली, आणि बेस गिटार मागे सगळ्या सामानाच्या तळाशी. तिने खिडकीतले मोजे काढून भावजींच्या मांडीवर टाकले. ते अजून ओले होते.

गाणं लिहिताना तिने सगळ्यात आधी तिसरं कडवं लिहिलं होतं.