मिस ड्रीमांचा खटला डोंगरापलीकडे गेला तेव्हा

मिस ड्रीमा स्लोन माझ्या वकिलीच्या ऑफिसात आल्या तेव्हा एकच गोष्ट त्यांनी दोनदा विचारली. "हे सगळं इथंच होईल ना रे, टॅलमेज? आपल्या कोर्टात?"

"इथंच," मी म्हणालो. "तुमच्या घरापासून चालत सात मिनिटं."

आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला लग्नानंतरही आदराने मिसच म्हणतात. गावातल्या वृद्धाश्रमात त्या एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. माझी आई शेवटची दोन वर्षं तिथंच होती, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचा मक्याचा पाव ती तोंडात घालायची नाही. त्या हिवाळ्यात आश्रमातला फ्रीजर बंद पडला. वास मारणारं मांस शिजवा, असं मॅनेजरने सांगितलं. मिस ड्रीमांनी सरळ राज्याच्या तपासनिसाला फोन लावला. महिनाभरात त्यांची नोकरी गेली. कारण दाखवलं गैरहजेरीचं. नवऱ्याला, बर्लला, दवाखान्यात न्यायला त्यांनी रजा घेतल्या होत्या तेवढ्याच. कोळशाच्या धुळीने बर्लची फुप्फुसं खाल्ली होती. मिस ड्रीमा त्याला तासाभरापेक्षा जास्त एकटा सोडत नसत.

तपासनिसाकडे तक्रार केली म्हणून काढलं, हा दावा राज्याच्या कायद्यातला. मालकही आमच्याच राज्यातला. खटला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात ओढून न्यायला त्याच्याकडे काहीच निमित्त नव्हतं. ते मी पुरवलं. कॉम्प्युटरवर एक जुना मसुदा पडला होता. त्यातली नावं बदलली, तारखा बदलल्या, आणि घरच्या आजारपणासाठीच्या रजेचं फेडरल कायद्यातलं कलम तसंच राहू दिलं. एकापेक्षा दोन कलमं भारदस्त दिसतात, एवढाच माझा विचार. मिस ड्रीमांना विचारलं नाही, वाचूनही दाखवलं नाही. सही कुठे करायची तिथं फक्त बोट ठेवलं.

तीन आठवड्यांनी मालकाच्या वकिलाचा कागद आला. दाव्यात फेडरल कायद्याचा प्रश्न आहे, सबब खटला फेडरल कोर्टात हलवला आहे. असं हलवायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. ते कोर्ट डोंगरापलीकडे, गाडीने दोन तास. तिथली ज्यूरी अकरा जिल्ह्यांतून गोळा होते. मिस ड्रीमा कोण, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसणार.

तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. उद्या सांगू, असं मार्चभर म्हणालो, मग एप्रिलभर. चर्चबाहेर त्या विचारायच्या, "तारीख?" मी म्हणायचो, "लांबली." एकदा दुकानात त्या दिसल्या, तर मी कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमागे जाऊन उभा राहिलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी.

जूनमध्ये त्या थेट ऑफिसात आल्या, बसल्या नाहीत.

"कोर्टात गेले होते चौकशीला. खिडकीवरची व्हर्ना म्हणते, तुमची फाइल मार्चपासून आमच्याकडे नाही. म्हटलं, बाई, चष्मा पूस तुझा. तर म्हणाली, मिस ड्रीमा, तुमच्या वकिलाला विचारा."

"फेडरल कोर्टात गेलीय," मी म्हणालो.

"कुणी नेली?"

"त्यांनीच. पण नेता आली ती माझ्यामुळे." मग मी सगळं सांगितलं. कलम कुठून आलं, का राहिलं, ते सगळं.

"मी सही केली त्या कागदात होतं हे?"

"हो. सहाव्या पानावर."

"मला वाटलं, तू तरी वाचलं असशील."

त्यांनी पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"ते कलम खोडलं तर?"

"तर खटला परत येईल. पण रजेबद्दलचा दावा सोडून द्यावा लागेल."

"अरे, मला मांसावरून काढलं. ते मला माहीत, त्यांना माहीत. बर्लला ते भर कोर्टात ऐकायचंय. पहिल्या बाकावर बसणार म्हणतो, ऑक्सिजनच्या टाकी-नळीसकट. रजेचं कुणाला पडलंय? आजच अर्ज कर." दारात त्या वळल्या. "आणि मला बघून पोत्यांमागे लपत जाऊ नकोस. तुझे बूट दिसत होते."

फेडरल कोर्टात सुनावणी जुलैमध्ये झाली. मालकाचा वकील म्हणाला, "टॅलमेज कॉडिल साहेबांना आपल्या गावचीच ज्यूरी हवीय, म्हणून हा खटाटोप." न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, "मग हे कलम मुळात घातलंत का?"

धोरण बदललं, असं एक गुळगुळीत उत्तर मी घोकून आलो होतो. ते बाजूला ठेवलं. "निष्काळजीपणा, युवर ऑनर. जुना मसुदा उचलला. अशिलाला विचारलं नव्हतं. नंतर तीन महिने त्यांच्यापासून लपवलं."

बाईंनी ते लिहून घेतलं. "हे मार्चमध्येच सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाल्या.

खटला परत पाठवल्याचा हुकूम नऊ सप्टेंबरला आला. बर्ल सहा तारखेला गेला होता.

हुकूम घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. शेजारणींनी आणलेल्या जेवणाच्या भांड्यांनी ओटा भरला होता आणि मिस ड्रीमा सिंकपाशी ताटल्या धूत होत्या. त्यांनी कागद वाचला, या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"आता कुठंही चाललं असतं, बाळा," त्या म्हणाल्या. "आता माझा सगळा दिवस मोकळाच आहे."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. मी ताटल्या पुसल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या कोर्टात खटला चालला. मिस ड्रीमांनी मांसाच्या रंगापासून वासापर्यंत सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ज्यूरीने दोन तासांत त्यांच्या बाजूने निकाल दिला. पायऱ्यांवर लोक माझी पाठ थोपटत होते. "टॅलमेजने जिंकून दिलं!" बर्ल माझ्यापायी हे ऐकायचा राहिला, हे मी कुणालाच सांगितलं नाही. हसलो आणि हात मिळवत राहिलो.

गर्दी पांगल्यावर मिस ड्रीमा म्हणाल्या, "माझ्या भाचीला शाळेच्या बसवरच्या नोकरीवरून काढलंय. वकील हवाय तिला."

मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वकीलबाईंचं नाव सांगितलं.

"का? तू मरायला टेकलायस का?"

"नाही."

"मग सोमवारी पाठवते. आणि मान वर कर, लोक बघतायत."

भाची सोमवारी आली. पुढच्या सोमवारी मसुदा तयार झाला, तेव्हा तिला समोर बसवून मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. दोन तास लागले. ती मध्येच जांभया देत होती. मी थांबलो नाही.