डॉक्टर, जरा बघता का?

"हे आत नाही चालायचं," यात्रेचे मॅनेजर म्हणाले आणि बसच्या दारात आडवे उभे राहिले.

कंपाउंडरांच्या हातात तोंड बांधलेला तांब्याचा लहान कलश होता. त्यात त्यांची बायको होती. आठ महिन्यांपूर्वी ती गेली, तेव्हा गोळा करून जेवढी हाताला लागली तेवढी.

"मांडीवर घेऊन बसतो. पिशवीत ठेवतो. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"दिसण्याचा प्रश्न नाही हो. चौतीस माणसं देवाला निघालीत. असलं काही शेजारी घेऊन बसायला कुणाला आवडेल? तुम्हीच सांगा."

कंपाउंडर काय सांगणार? चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून "दिवसातून तीनदा, जेवणानंतर" याखेरीज त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ मध्ये पडला. भावाच्या बाजूने नव्हे, मॅनेजरच्या. "दादा, उगाच सगळ्यांचा खोळंबा नको," म्हणत त्याने कलश हातातून काढून घेतला आणि बसच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात, स्टेपनीला दोरीने आवळून टाकला. वर हात झटकत म्हणाला, "जागची हलायची नाही वहिनी."

खरं म्हणजे या यात्रेत कंपाउंडरांना कुणी प्रेमाने बोलावलं नव्हतं. मॅनेजरना जाहिरातीत "सोबत डॉक्टर" असं लिहायचं होतं, आणि खरा डॉक्टर फुकट येत नाही. कंपाउंडर मात्र स्वतःचं तिकीट काढून, स्वतःची बॅग घेऊन आले. बॅगेत प्रेशर मोजायचं यंत्र, कापूस, चिकटपट्टी आणि सतरा प्रकारच्या गोळ्या. अशी सोय कोण सोडतो?

बस सुटल्यापासून "डॉक्टर, जरा बघता का?" सुरू झालं. कुणाचे गुडघे, कुणाची मळमळ, कुणाला नुसतंच आपलं प्रेशर ऐकायची हौस. काम पडलं की डॉक्टर, आणि काम नसलं की "आमचे डॉक्टर हं" असं म्हणून डोळे मिचकावायचे. कंपाउंडरांना दोन्हीची सवय होती. त्यांची सीट मागच्या चाकावर होती, आणि प्रत्येक धक्क्याला त्यांच्या मनात यायचं की खाली तिलाही हा धक्का बसला असेल.

बस थांबली की बाकीचे चहाकडे पळायचे आणि हे सामानाचा कप्पा उघडून वाकून बघायचे. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, वहिनींना चहा विचारलात का?"

अख्खी बस खदाखदा हसली. भाऊ हसला, भावजय तोंडाला पदर लावून हसली. आणि कंपाउंडरही थोडेसे हसले. याचीच त्यांना पुढे रात्रभर लाज वाटत राहिली.

तिने मागितलं काय होतं? फार काही नाही. संसारात तिला फार मागायची सवयच लागली नव्हती. नवरा सकाळी आठला दवाखान्यात जाणार, दुपारी दोन घास खाणार, रात्री दारावर कुणाची थाप पडली की शर्ट चढवून सुई टोचायला निघणार. ताप तिला आला तर गोळी उशाशी ठेवून बाहेर पडणार. तिने कधी भांडण केलं नाही. फक्त अंथरुणाला खिळल्यावर एकदा म्हणाली होती, "जन्मभर तुमचे हात लोकांच्या दंडावर. मी गेल्यावर तरी तुमच्या हाताने सोडा मला. त्या मोठ्या नदीत. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका."

"वेडी आहेस का?" ते म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा ते दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी सासऱ्याला सलाइन लावत होते. शेवटचं पाणी शेजारणीने घातलं. ही गोष्ट त्यांनी स्वतःला माफ केली नव्हती. नदीवर एकदा आपल्या हाताने तिला सोडलं, की निदान अर्धी तरी माफी मिळेल, एवढ्या आशेवर ते त्या चाकावरच्या सीटवर बसून आले होते.

बस तीर्थाला पोचली. धर्मशाळेत उतरल्यावर मॅनेजरनी जाहीर केलं की उद्या सकाळी आठला नाव सांगितली आहे, भटजीही नावेतच येतील. कंपाउंडरांनी संध्याकाळीच कलश धुऊनपुसून घेतला. मग सवयीने सगळ्यांच्या गोळ्या वाटल्या. यात्रेत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, साखरेचा आजार असलेल्या, त्यांना बजावलं, "बाई, सकाळी इन्सुलिन घेतलंत तर वर खायचं. नाहीतर घेऊ नका."

"तीर्थस्नानाला खाऊन जाऊ?" बाई म्हणाल्या. "अहो, मी शाळा चालवलीय. मला नका शिकवू."

सकाळी बाईंनी सुई टोचून घेतली आणि उपाशीपोटी पदर खोचून तयार झाल्या. सगळे व्हरांड्यात चपला घालत असताना त्या भिंतीला टेकल्या आणि खाली घसरल्या. अंग घामाने थबथबलेलं, जीभ जड झालेली.

"डॉक्टर!"

कंपाउंडरांच्या दोन्ही हातांत कलश होता. बाईंना उचलायला दोन्ही हात हवे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कलश भावापुढे धरला. "धर जरा. मी आलोच. माझ्याशिवाय सोडू नकोस हं. मॅनेजर, थांबाल ना?"

"छे छे, तुमच्याशिवाय कसं करू?" मॅनेजर म्हणाले.

साखरेचं पाणी पोटात गेलं आणि दहाव्या मिनिटाला बाईंचा रंग परत आला. नाडी ठीक, प्रेशर ठीक. कंपाउंडर उठले. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "पुन्हा आली चक्कर तर? मी इथे एकटी मेले तर पाप कुणाला?"

ते बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. बाईंनी डोळे मिटून कण्हायला सुरुवात केली. ते पुन्हा बसले. नाडी बघितली. नाडी तर त्यांच्या स्वतःच्यापेक्षा बरी चालली होती. तरी त्यांना उठवेना. आजाऱ्याजवळून उठून जायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. असा दीड तास गेला.

मग अंगणात चपला वाजल्या, हसणं ऐकू आलं. बाई टुणकन उठून बसल्या आणि पिशवीत कंगवा शोधू लागल्या. "मला तसं मघाशीच बरं वाटायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "पण परक्या ठिकाणी एकटीला पडून राहवत नाही हो."

दारात ओल्या केसांचा भाऊ उभा होता. त्याचे हात रिकामे होते.

"झालं बरं का दादा तुझं काम! एकदम व्यवस्थित. हे बघ, काढून आणलंय तुझ्यासाठी."

त्याने मोबाइल पुढे केला. नाव हलत होती. भाऊ ऐटीत कलश उपडा करत होता, भावजय कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि मागून कुणीतरी म्हणत होतं, "आटपा, ऊन वाढतंय." राखेचा एक पट्टा पाण्यावर पसरला. पाठोपाठ कलशही पाण्यात गेला. अकरा सेकंदांत सगळं आटोपलं.

"थांबतो म्हणाला होतात," कंपाउंडर भावामागे येऊन उभ्या राहिलेल्या मॅनेजरना म्हणाले.

"नाववाला थांबेना हो," मॅनेजर म्हणाले. "आणि पोचल्याशी मतलब. तुमच्या हातून काय नि भावाच्या हातून काय."

कंपाउंडरांनी मोबाइल परत दिला. "भटजींना नाव काय सांगितलंस?"

"कुणाचं?"

"तिचं. संकल्पात नाव घ्यावं लागतं ना."

भावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने ओल्या साडीला पिळे घालायला घेतले. "ऐन वेळी आठवेना रे," भाऊ म्हणाला. "जन्मभर वहिनीच म्हणत आलो. मग वहिनी म्हणूनच सांगितलं. भटजी म्हणाले, चालतं."

वीस वर्षं तो तिच्या हातचं जेवला होता. त्याच्या दोन्ही पोरांची दुपटी तिने धुतली होती.

"चला चला, दर्शनाच्या रांगेला उशीर होतोय," मॅनेजरनी टाळ्या वाजवल्या. "डॉक्टर, जाता जाता मागच्या आजींचं प्रेशर घ्या. सकाळपासून मागे लागल्यात."

कंपाउंडरांनी बॅग बाईंच्या खाटेवर ठेवली आणि ते बाहेर पडले. मागून दोन-तीन हाका आल्या. ते थांबले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते हाकेला थांबले नाहीत, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ते गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. कुठे सोडलं असेल? मधोमध, की त्या खांबापाशी? पाणी सगळीकडे सारखंच गढूळ होतं. लोक चुळा भरत होते, कपडे आपटत होते.

त्यांनी तिचं नाव घेतलं. लग्न झालं तेव्हा घरात वडीलधारे होते म्हणून ते तिला नावाने हाक मारत नसत. पुढे वडीलधारे गेले तरी "अगं" आणि "ऐकलंस का" यांवरच संसार निभावला. त्यामुळे नाव पहिल्यांदा पुटपुटल्यासारखंच निघालं. मग त्यांनी ते पुन्हा घेतलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा तर ओरडूनच.

"हरवल्यात का बाबा?" कुणीतरी त्यांचा दंड धरला. घाटावरच्या बंदोबस्ताची हवालदारीण होती.

कंपाउंडरांनी तिच्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले.

तिने त्यांना वरच्या चौकीत नेलं. "वय काय?"

"बासष्ट."

"नेसल्यात काय?"

त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. गेल्यावर तिला कुठली साडी नेसवली होती, ते शेजारणींना माहीत असेल. "ते बघायचं राहिलं," ते म्हणाले.

"कमाल आहे तुमची," हवालदारीण चिडून म्हणाली. "आपल्या बायकोने काय नेसलंय ते माहीत नाही. एवढ्या गर्दीत तिला एकटी सोडता आणि मग बोंबलत फिरता. लक्ष कुठे असतं तुमचं?"

"खरं आहे," कंपाउंडर म्हणाले.

"पूर्ण नाव सांगा."

त्यांनी सांगितलं, औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावताना सांगायचे तसं, एकेक अक्षर सुटं. हवालदारणीने माईक तोंडाशी धरला. घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, होड्यांवर, पाण्यावर, पलीकडच्या काठावर तिचं नाव घुमलं. "जिथे असतील तिथून त्यांनी चौकीपाशी यावं. त्यांचे यजमान वाट बघतायत."

कंपाउंडरांच्या खिशातला फोन वाजायला लागला, वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"इथेच बसा, हलू नका," हवालदारीण जरा मऊ आवाजात म्हणाली. "येतील. पंधरा मिनिटांनी परत पुकारते."

ते ओल्या धोतरानिशी बाकावर बसले. पंधरा मिनिटांनी तिने माईक उचलला, तेव्हा ते हळूच पुढे वाकले.

"नाव जरा सावकाश घ्या," ते म्हणाले.