मैनेच्या पाठीवरचे वजन

टांगेवाल्यांच्या चैत्रातील घोडेशर्यतीच्या आदल्या सकाळी मोशीच्या हौदावर तिन्ही जनावरांची परीक्षा करण्याचे काम पंचांनी मजकडे सोपविले. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले. तथापि पुण्याच्या रेसकोर्सवर नऊ वर्षे मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची चाकरी, केली असल्यामुळे, पिंपरीच्या कारखान्यात लागल्यावरही टांगेवाले मला ज्योतीराम मास्तर म्हणत.

शर्यत मोशी ते चाकण, चार कोसांची. सशक्त घोड्यास अधिक भार, दुर्बळास कमी, हा रेसकोर्सचा नियम मीच येथे आणला होता. भार म्हणजे चाकणचा कांदा. तो शेरांनी तोलून खोगिराच्या दोन्ही बाजूंस पिशव्यांतून बांधीत. जिंकणाऱ्याचा टांगा वर्षभर चिंचवड स्टेशनवर पहिल्या नंबरास उभा राही, आणि बस सुरू झाल्यापासून सवारी काय ती पहिल्यालाच मिळे. म्हणूनच मैना घोडीचा मालक चांदभाई मला म्हणाला होता, “नंबर लागला तर बरं, मास्तर. नाहीतर येत्या बाजारी मैनेला विकतो. गिऱ्हाईक बघून गेलंय.”

प्रथम मारुतरावाचा राजहंस पाहिला. शुभ्र, रुंद छातीचा, दीर्घ श्वासाचा. व्यंग एकच: लग्नसराईत वरातीस जात असल्याने ताशा ऐकताच तो नाचू लागे. उद्या वाटेत कुरुळीस कोणाचे लग्न आहे काय, याची मी चौकशी केली. नव्हते. भार वीस शेर.

सयाजीचा तांबडा आरंभी सुसाट, परंतु दोन कोसांनंतर दमणारा. त्यास चौदा.

मग मैना. वय तेरा. गतवर्षी हिच्या बरगड्या मोजता येत होत्या. आज पोट चांगलेच भरलेले होते.

“काय चारतोस रे हिला?”

“माझ्या वाटचा गूळ. दोन महिने बिनगोडाचा चहा पितोय मी,” चांदभाई अभिमानाने म्हणाला.

“म्हंजी गूळ तिला आन् कडू तोंड तुला व्हय!” सयाजी हसला.

वयाचा विचार करून मी आठ शेर लिहिले. परंतु मनास एक शंका सतावू लागली. गुळाने अंग धरले असते तर ते पाठीवर, मानेवरही दिसले असते. येथे पाठीचा कणा वर आलेला आणि पोट तेवढे खाली उतरलेले. असे का व्हावे? मी विहिरीचे गार पाणी मागवून तिला पाजले व कुशीकडे टक लावून पाहत राहिलो. काही क्षणांनी गोधडीखाली निजलेल्या मुलाने पाय झाडावा, तसे कातडीखाली काहीतरी हलले.

आता हे सांगावे, तर चांदभाईचा नंबर गेला. न सांगावे, तर पळवलेल्या गाभण घोडीचे काय होते, हे मी रेसकोर्सवर एकदा पाहिले होते.

“चांदभाई, हात ठेव इथे.”

त्याने हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

“सातवा महिना असावा,” मी म्हणालो.

“भादव्यात मला ताप आला, तेव्हा आठ दिवस ही मारुतरावाकडं होती,” चांदभाई हळूच म्हणाला.

सर्वांच्या माना राजहंसाकडे वळल्या. मारुतराव घाईघाईने आपला फेटा सारखा करू लागला. “आता मला काय ठावं? रातचं मी झोपतो, राव!”

“पाहुणचार जोरात केलास की,” सयाजी म्हणाला.

चांदभाई मात्र हसला नाही. “मास्तर, शिंगरू टांग्याला जुंपायला किती दिवस?”

“तीन वर्षे तरी.”

“आणि तोवर ती बस सगळ्या सवाऱ्या…” मग मैनेसाठी बांधून ठेवलेल्या कांद्याच्या पिशव्या त्याने सयाजीपुढे सरकवल्या. “मास्तर, गिऱ्हाइकाला सांगा, मैना विकायची नाही. मी चाकणच्या बाजारात पोती उचलीन. इतकी वर्षं तिनं ओढलं.”

तो तिच्यावर स्वार झाला नाही. लगाम हाती धरून, तिच्या चालीने, चिंचवडच्या वाटेस लागला. मी यादीतील आठाचा आकडा खोडून लिहिले: मैना, भार आधीच घेतलेला; उद्या पळणार नाही.